सरपंच आणि माझा सा

आयुष्यात माझ्याविरुद्ध एकदाच पुरावा उभा राहिला, आणि तो माझ्याच नवऱ्याच्या अक्षरात होता.

अक्षर मात्र सुरेख हो! आमच्या ह्यांनी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही सांभाळली. निवृत्त झाल्यावरही दाराची बेल वाजली की यांचा हात आधी पेनाकडे जायचा, मग कडीकडे. आम्ही पेठेतला दोन खोल्यांचा फ्लॅट विकला आणि हिंजवडीच्या अलीकडे, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावात रो-हाउस घेतलं. "मला आता फक्त शांतता हवी," हे म्हणाले. शांतता मलाही हवी होती, पण मोडायला. मला गाणं शिकायचं होतं!

दहा-अकरा वर्षांची असताना मी दोन वर्षं गाणं शिकले होते. मग आईचं आजारपण आलं, मग दहावी, मग लग्न, मग शाळेतली नोकरी. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. तेहेतीस वर्षं मी भूगोल शिकवला. गाणं सुटल्याचं दुःख कुणाजवळ बोलले नाही, पण होतं. (मोसमी वारे शिकवताना मी नकळत चाल लावत असे. मुलांना वाटायचं, बाईंना सर्दी झालीय.) तर एकोणसाठाव्या वर्षी मी क्लासला नाव घातलं. आमच्या गाण्याच्या ताई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि माझ्याहून दुप्पट कडक. वर्षभराने एक दिवस त्या म्हणाल्या, "काकू, गुरुपौर्णिमेला तुम्ही गायचं. स्टेजवर. भूप, दहा मिनिटं."

"मी?"

"नाही, तुमच्या मागचा पंखा. अहो, तुम्हीच! पण आवाजाला बैठक नाहीये अजून. रोज पहाटे उठून खर्ज लावा. पाच महिने आहेत. नाही जमलं तर नाव काढीन, मग रागवायचं नाही."

त्या दिवशी बसमध्ये मी माझा थांबा विसरले आणि पार शेवटच्या स्टॉपवर जाऊन बसले. दहा मिनिटं! पन्नास वर्षं अडून राहिलेली दहा मिनिटं. ती हातची जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मागच्या अंगणात चटई टाकली. (घरात गायचं नाही, असं ह्यांनी लेखी दिलं होतं. मस्करी नाही, खरंच लेखी दिलं होतं.) मोबाइलवर तानपुरा लावला, डोळे मिटले, पोटातून सा काढला.

"कुकूऽऽच कू!"

मी दचकून डोळे उघडले. आमच्या मागच्या भिंतीला लागून बबनराव आणि हौसाक्कांचं जुनं घर होतं. मूळ गावातली माणसं. जमीन बरीचशी बिल्डरांकडे गेलेली, पण घर, दोन आंब्याची झाडं आणि वीसेक गावरान कोंबड्या अजून राखून होती. कोंबडा एकच. तांबडा, तुरेबाज, छाती काढून चालणारा. त्याचं नाव सरपंच. त्यालाही कारण होतं. बबनराव त्या वर्षी सरपंचपदाला उभे राहणार होते, आणि नेमकं गाव महापालिकेत गेलं! पदच रद्द. मग त्यांनी ते कोंबड्याला देऊन टाकलं.

मी पुन्हा सा लावला. सरपंचाने पुन्हा उत्तर दिलं. मी लांबवला, त्याने लांबवला. मी खाली मंद्रात गेले, तर त्याने भिंतीवर उडी मारली आणि माझ्याकडे एका डोळ्याने बघत असा काही टिपेचा लावला की माझा खर्ज कुठच्या कुठे गेला! सव्वापाचपर्यंत हे चाललं. रियाज कसला, भांडणच ते.

आठवडाभर सहन केलं. मग मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "हौसाक्का, अहो, जरा बोलायचं होतं."

"बोला की बाई." मी शिक्षिका असल्याचं गावात दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तेव्हापासून मी सगळ्यांची बाई.

"तुमचा कोंबडा फार ओरडतो हो पहाटे."

"कोंबडा हाय त्यो बाई. पहाटंचं वरडनारच की. दुपारी वरडला तर सांगा, मी बगते."

"पण नेमका माझ्या रियाजाच्या वेळेला?"

हौसाक्का जरा थांबल्या. "म्हंजी ते पहाटंचं... ते तुमी करता व्हय?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बया! आमाला वाटलं, साहेबास्नी दम्याचा तरास हाय. म्या तर आडुळशाचा पाला काढून ठिवलाय."

मी अडुळसा घेऊन घरात आले. ह्यांनी नोंदवहीत 'आवक: अडुळसा, एक जुडी' असं लिहून टाकलं.

हौसाक्का मनाच्या फार चांगल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरपंचाला वेगळं डालायला सुरुवात केली. बांबूचं डालगं, त्यावर पोतं, पोत्यावर बबनरावांची जुनी घोंगडी. तरी माझा सा लागला की घोंगडीखालून, जरा बसक्या आवाजात, पण चोख उत्तर यायचं. मग त्यांनी डालगं गोठ्याच्या पलीकडे नेलं. तिथून तो दुप्पट जोरात ओरडायला लागला, कारण आता त्याला माझ्यापर्यंत आवाज पोचवायचा होता! वर माझी समजूत काढायला त्यांनी सहा गावरान अंडी पाठवली. आमच्या घरी अंडं येत नाही. ह्यांनी 'आवक: अंडी, सहा' आणि लगेच खाली 'जावक: अंडी, सहा' असं लिहिलं. (जावक कुठे, ते त्यांनी लिहिलं नाही. मी ती मैत्रिणीकडे जाऊन खाल्ली. ऑम्लेट झकास होतं.)

आषाढ जवळ येत होता आणि माझा सा जागचा हलत नव्हता. ताई तर तोंडावर म्हणाल्या, "काकू, तुम्ही घाबरून गाताय. कुणीतरी मागे लागल्यासारखं." आता त्यांना काय सांगू, मागे कोण लागलंय ते! त्या दिवशी घरी येऊन मी रडले. साठाव्या वर्षी कोंबड्यापायी रडले, लिहायला लाज वाटते, पण रडले.

हे मग एकदम तावातावाने उठले. "असं तोंडी सांगून काही होत नसतं. पुरावा लागतो, पुरावा! उद्यापासून मी नोंद ठेवतो. तीन आठवड्यांची नोंद घेऊ आणि रीतसर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडू." ज्या माणसाने मला लेखी घराबाहेर काढलं होतं, तो माझ्या गाण्यासाठी पहाटे पावणेपाचला स्वेटर घालून, कानटोपी चढवून, वही घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी गजरा आणला नाही कधी, पण हे केलं. मला फार भरून आलं तेव्हा.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरी निखिल, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कामाला. तो हाफ चड्डीत लॅपटॉप घेऊन बसला. बबनराव पांढरी टोपी घालून आले, हौसाक्का नवी इरकल नेसून आल्या. पंधरा-वीस रहिवासीही आले. (पाणीकपातीच्या मीटिंगला चौघं आली होती.)

"काकू, रिलॅक्स," निखिल म्हणाला. "आपण हे एकदम डेटा-बेस्ड करू. काका, प्लीज प्रेझेंट करा."

हे उभे राहिले. चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला लागले. "तारीख दोन. चार अठ्ठेचाळीस, सौ.चा सा. चार एकोणपन्नास, कोंबडा. चार एक्कावन्न, सौ.चा सा, लांब. चार बावन्न, कोंबडा, लांब. चार पंचावन्न, सौ. खोकली. चार पंचावन्न, कोंबडा."

कुणीतरी फसकन हसलं. मला अजून काही कळलं नव्हतं. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते, बघा बघा, कसा त्रास देतोय!

"तारीख नऊ ते अकरा," हे पुढे वाचत होते, "सौ. साताऱ्यास, नणंदेकडे. तारीख नऊ: चार पंचेचाळीस, शांतता. पाच, शांतता. पाच तीस, शांतता. पाच पन्नास, कोंबडा, चार वेळा. नंतर शांतता. तारीख दहा: वरीलप्रमाणे. तारीख अकरा: वरीलप्रमाणे. झोप उत्तम."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वहीकडे बघितलं. त्यांना आत्ता, वाचता वाचता, कळत होतं आपण काय लिहून ठेवलंय ते!

"थांबा थांबा काका," निखिल लॅपटॉपवर भराभर टाइप करत म्हणाला. "म्हणजे आधी काकू, मग कोंबडा? एव्हरी सिंगल टाइम?"

"प्रत्येक वेळी," हे पडेल आवाजात म्हणाले.

"आणि काकू नसल्या की तो पाच पन्नासपर्यंत झोपतो?"

"नोंद तसं सांगते."

"अहो, तुम्ही ते पान वगळायचं होतं!" मी दात-ओठ खात कुजबुजले.

"नोंद अर्धवट ठेवायची नसते," हे म्हणाले. हरिश्चंद्राचा अवतारच जणू! भरलेले डोळे, आलेला गहिवर, सगळं मी त्या क्षणी परत घेतलं.

इतका वेळ बबनराव टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "आवो, येक कोंबडा वरडला की दुसरा गप बसत न्हाई, त्याची जातच तसली. सरपंचाला वाटतंय, शेजारी दुसरा कोंबडा आलाय. त्याच्या हद्दीत." मग माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. "माफ करा बाई. तुमचा अपमान न्हाई करायचा. आवाज दमदार हाय तुमचा, त्याबिगार त्यो येवढा पेटनार न्हाई."

मग जे हसू फुटलं ते काही आवरेना. तीन नंबरच्या रो-हाउसमधल्या आजोबांनी तर हात वर करून सांगितलं की त्यांचीही पहाटेची झोप चार महिने मोडते आहे, पण ते इतके दिवस कोंबड्यालाच शिव्या देत होते. निखिलने मिनिटबुकात लिहिलं, 'तक्रार निकाली. मूळ आवाज तक्रारदाराचाच.' ठराव एकमताने मंजूर झाला. माझ्या नवऱ्याने अनुमोदन दिलं!

घरी आल्यावर मी तानपुऱ्याचं ॲप काढून टाकलं. ताईंना फोन करून सांगणारच होते की नाव काढा, पण ते धाडस झालं नाही. दोन दिवस मी पहाटे उठले, चहा केला, आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. हे अपराध्यासारखे घरभर फिरत होते. "मी वही फाडून टाकू का?" असंही एकदा म्हणाले, आणि त्यांच्यासाठी ते किती मोठं आहे हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "बाई, ओ बाई!"

मी गेले. हौसाक्का पदर खोचून उभ्या होत्या.

"दोन दिस झालं, आवाज न्हाई तुमचा."

"बंद केलं मी, हौसाक्का. लोकांना त्रास. तुमच्या कोंबड्यालाही त्रास."

"त्याला कसला तरास? आवो, त्यो बगा की!" त्यांनी बोट दाखवलं. सरपंच भिंतीच्या टोकावर बसला होता, आमच्या अंगणाकडे तोंड करून. "डालगं काढल्यापास्नं पहाटं चारलाच तिथं येऊन बसतोय. तोंडात दाना घेत न्हाई. वाट बगतोय तुमची. तुमी तुमचं गावा, त्यो त्याचं वरडंल."

"आणि तीन नंबरचे आजोबा?"

"त्यास्नी कापूस दिलाय मी. दोन्ही कानाचा." हौसाक्कांनी पदर कमरेला आणखी घट्ट खोचला. "मलाबी ल्हानपनी भजनात म्हनायचं व्हतं बाई. सासऱ्यानं नगं म्हनलं, म्या गप बसले. तुमी गप बसायचं न्हाई."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, बादली उचलली आणि गोठ्याकडे गेल्या. मी घरात जाऊन तानपुऱ्याचं ॲप परत घेतलं.

मग आमचा तह झाला. मी सा लावायचा आणि थांबायचं. सरपंचाने ओरडून घ्यायचं. त्याचं झालं की मी पुढे जायचं. आलापाची एक ओळ माझी, एक बांग त्याची. तो ओरडत असताना मी श्वास घेऊन मनात मोजत होते, साधारण चार मोजेपर्यंत. आणि खरं सांगते, थांबायला शिकल्यावर माझा आवाज बसायला लागला! घाई गेली, घाबरणं गेलं. हौसाक्का त्यांच्या अंगणात शेणी थापता थापता ऐकायच्या, बबनराव बाजेवर तंबाखू मळत बसायचे, आणि आमचे हे पायरीवर कानटोपी घालून, वही न घेता. आता तिथे सोळा मजली इमारत उभी आहे. हौसाक्का सातव्या मजल्यावर राहतात आणि खाली येण्यासाठी लिफ्टची वाट बघतात. सरपंच त्याआधीच म्हातारा होऊन गेला, आंब्याखाली पुरला त्याला. पण त्या वर्षीच्या पहाटा आठवल्या की अजून गलबलतं. एवढं सुख मला पुढे कुठल्याच मैफिलीत मिळालं नाही.

गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी शहरातल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. चौथ्या रांगेत आमचे हे, बबनराव आणि हौसाक्का. हौसाक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून गाणं ऐकायचं म्हणून पायातल्या चपला काढून खुर्चीखाली जोडून ठेवल्या होत्या. मी स्टेजवर बसले. शेजारी तबलजी, समोर ताईंचा कडक चेहरा.

डोळे मिटले, सा लावला. असा लागला म्हणता! गोल, भरदार, स्थिर. पन्नास वर्षं ज्याची वाट पाहिली तो सा.

आणि मी थांबले.

सवयच ना! चार मोजले. समोर शांतता. मी मनाशी म्हटलं, येईल आता. आणखी चार मोजले. काहीच नाही. तबलजीने माझ्याकडे बघितलं. ताईंनी भुवया वर केल्या. माझं डोकं पूर्ण रिकामं झालं होतं. त्याचं झाल्याशिवाय मला पुढचा सूरच सापडेना!

तेवढ्यात चौथ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "बाई, व्हा म्होरं! त्यो घरी हाय!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातून कसा कोण जाणे, पुढचा रे आपोआप निघाला. मग मी गायले. पुढेही प्रत्येक ओळीनंतर मी थांबतच होते, ती सवय काही दहा मिनिटांत जात नव्हती. पण दर वेळी चौथ्या रांगेत हौसाक्का दोन्ही हातांनी 'चला, चला' अशी खूण करत होत्या, गुरं हाकल्यासारखी, आणि मी पुढे निघत होते. दहा मिनिटं पूर्ण गायले. नाव काढलं गेलं नाही!

कार्यक्रम संपल्यावर एक धोतर-कोटातले वयस्क गृहस्थ काठी टेकत माझ्याकडे आले. बघताक्षणी ओळखावं, पन्नास वर्षं पहिल्या रांगेत बसून नाकं मुरडलेला माणूस.

"गाणं ठीक आहे आपलं," ते म्हणाले. "म्हणजे, ऐकवतं. पण मधेमधे आपण जे थांबत होता ना, ते फार सुंदर. हल्ली कुणी थांबतच नाही. कुणाकडून घेतलंत हे?"

"शेजारीच होते एक," एवढंच म्हटलं. ते आदराने मान हलवून गेले.

"काय म्हनलं ते?" हौसाक्कांनी चपला पायात सरकवत विचारलं.

"म्हणाले, मी थांबत होते ते फार आवडलं."

"आवो, पन ते तर सरपंचाचं व्हतं की!" हौसाक्का म्हणाल्या.

खरंच होतं त्यांचं. त्या दहा मिनिटांत लोकांना जे आवडलं ते सगळं कोंबड्याचं होतं, आणि उरलेलं तेवढं माझं!